जर्मनीत गांजा कायदेशीर झाला, मग ‘स्पाइस’मधलं जेडब्ल्यूएच-018 चालतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या रूममेटकडे ‘स्पाइस’चं, म्हणजे धूप म्हणून विकल्या जाणाऱ्या वाळक्या पानांच्या मिश्रणाचं, पाकीट आहे; त्यातलं जेडब्ल्यूएच-018 हे लॅबमध्ये बनवलेलं नशेचं रसायन ‘गांजाच, फक्त लॅबमधला’ आहे, मग ते चालेल का? नाही चालत. रूममेटला ते पाकीट आधी बाजूला ठेवायला सांगा, मग पुढचं वाचा.

1 एप्रिल 2024 पासून तिथे सज्ञान माणसाला 25 ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगता येतो, हे तुम्ही लिहिलंय ते बरोबर. पण ती सूट झाडाच्या गांजापुरती. जेडब्ल्यूएच-018 वर जर्मनीने जानेवारी 2009 मध्येच बंदी घातली, ती आजही आहे. पाकिटावर ‘धूप, सेवनासाठी नाही’ छापलेलं असलं तरी सुटका नाही.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या ‘गांजाच, फक्त लॅबमधला’ या वाक्याची. मी फार्मसीच्या मुलांना शिकवते. फळ्यावर टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा मुख्य घटक, आणि जेडब्ल्यूएच-018 चा रेणू शेजारी-शेजारी काढले की मुलं गोंधळतात, कारण पाच कार्बनची शेपटी सोडली तर दोघांत साम्य दिसतच नाही. तरी दोघंही मेंदूतल्या एकाच ग्राहीवर (पेशीवरची अशी जागा, जिथे रसायन बसलं की परिणाम सुरू होतो), सीबी1 वर, जाऊन बसतात. जेडब्ल्यूएच-018 चार-पाच पट घट्ट बसतं. खरा धोका त्याच्या पुढे आहे. पंख्याचा रेग्युलेटर डोळ्यांपुढे आणा: टीएचसी कितीही वाढवलं तरी तो मधेच अडतो, हे मात्र त्याला शेवटच्या आकड्यापर्यंत नेतं. म्हणून छाती धडधडणं, उलट्या, भास, कधी थेट झटके.

क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन यांनी हे ग्राहींचा अभ्यास करायला बनवलं होतं, माणसांना द्यायला नव्हे. 2008 च्या अखेरीस ते ‘स्पाइस’च्या पाकिटांत सापडलं. त्यातली हिरवी पानं नुसती वाहक असतात. पावडर अॅसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून त्यांच्यावर फवारतात. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे एकाच पाकिटातली एक चिमूट फिकी निघते आणि दुसरी माणसाला आडवं करते.

कायदाही बराच काळ मागून धावत राहिला. त्याच शेपटीच्या टोकाला एक फ्लोरीन लावला की एएम-2201 होतं, म्हणजे बंदीच्या यादीत नसलेलं नवं नाव. शेवटी 2016 मध्ये जर्मनीने अशा रेणूंचे गटच्या गट बंद करणारा वेगळा कायदा आणला. तुमच्या हातातल्या पाकिटात जेडब्ल्यूएच-018 च असेल, हेही म्हणूनच कुणी सांगू शकत नाही.

रूममेटने ते आधीच ओढलं असेल आणि तो बडबडत असेल, थरथरत असेल, तर एकटं सोडू नका, 112 ला फोन करा. यावर उतारा नाही; डॉक्टर झटके थांबवतात, सलाइन लावतात, हृदयावर लक्ष ठेवतात. गांजासाठीची नेहमीची लघवीची तपासणी हे पकडत नाही, तेव्हा काय ओढलं ते स्पष्ट सांगा आणि पाकीट डॉक्टरांच्या हातात द्या.