माल गाडीत, जबाबदारी कागदावर

या वेळी सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे रस्त्याने परदेशात माल पाठवणाऱ्या किंवा मागवणाऱ्या छोट्या उद्योजकांची आहेत. भाडे, खोळंबा, फूटतूट अशा त्यांच्या तक्रारी वेगवेगळ्या असल्या, तरी जवळजवळ प्रत्येक पत्रात वाद उभा राहिल्यावर कागद शोधायला सुरुवात झालेली दिसते. त्यामुळे उत्तरांतही कागदांचा विषय पुन्हा पुन्हा आला आहे, त्याला इलाज नाही.

प्रश्न: आम्ही यंत्रांचे सुटे भाग तयार करतो. शेजारच्या देशातील ग्राहकाला चार लाकडी पेट्या पाठवल्या. प्रत्येक पेटी १.२ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि १.१ मीटर उंच होती. चारींचे वजन मिळून ६२० किलो भरले. वाहतूकदाराने बिल मात्र ३,७०० किलोंचे लावले आहे. ही सरळ फसवणूक नाही का?

उत्तर: फसवणूक नाही, पण हा हिशेब तुम्हाला गाडी भरण्यापूर्वी समजावून सांगायला हवा होता. पार्ट लोडमध्ये, म्हणजे एका गाडीत अनेकांचा माल एकत्र जातो तेव्हा, वाहतूकदार वजनाबरोबर जागाही विकत असतो. सीमापार वाहतुकीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ट्रेलरची आतील लांबी सुमारे १३.६ मीटर आणि हिशेबासाठी धरलेली रुंदी २.४ मीटर असते. या पूर्ण रुंदीतील एक मीटर लांबीच्या पट्ट्याला ‘लोडिंग मीटर’ म्हणतात आणि अशा एका मीटरमागे अनेक वाहतूकदार १,७५० ते १,८५० किलो वजन गृहीत धरतात. तुमच्या दोन पेट्या शेजारी ठेवल्या की २.४ मीटरची रुंदी बरोबर भरते. चार पेट्यांच्या दोन रांगा झाल्या, म्हणजे दोन लोडिंग मीटर अडले आणि १,८५० च्या दराने ३,७०० किलो झाले. घनफळावर आकारणी केली असती, तर एका घनमीटरला ३३३ किलो या प्रचलित प्रमाणाने सुमारे १,७६० किलो निघाले असते; परंतु प्रत्यक्ष वजन, घनफळ आणि लोडिंग मीटर यांपैकी जो आकडा सर्वांत मोठा, तोच लावण्याची पद्धत आहे.

आता खरा मुद्दा असा की तुमच्या पेट्यांवर ‘वर काही ठेवू नये’ असे लिहिलेले होते, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता नमूद केले आहे. त्या एका ओळीमुळे पेट्यांच्या वरची सगळी जागा तुमच्या नावावर लागली. दोन पेट्या एकावर एक ठेवल्या असत्या, तर उंची २.२ मीटर झाली असती आणि ती अशा ट्रेलरमध्ये सहज बसते. जागा निम्मी लागली असती आणि आकारणीही निम्मीच झाली असती. सुटे भाग लोखंडी असतील आणि पेटी वरचे वजन पेलण्याइतकी भक्कम असेल, तर ही सूचना केवळ सवयीने छापू नये. पेटीच्या चार कोपऱ्यांना आतून उभ्या पट्ट्या ठोकण्याचा खर्च पुढच्याच खेपेत वसूल होईल.

प्रश्न: आमचा माल सीमेवर तीन दिवस अडकून पडला. बीजकात ४८ खोकी होती, पॅकिंग लिस्टमध्ये ४६, कारण दोन लहान खोकी आम्ही मोठ्या खोक्यांत घातली होती. शिवाय लाकडी पॅलेटवर कसला तरी शिक्का नाही, असेही सांगण्यात आले. वाहतूकदार आता गाडी खोळंबल्याचे पैसे मागत आहे. कागद तपासणे हे त्याचेच काम नव्हते का?

उत्तर: नव्हते. रस्तेवाहतुकीच्या करारासंबंधी १९५६ साली जिनिव्हा येथे झालेला सीएमआर हा आंतरराष्ट्रीय करार या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. सीमाशुल्क आणि इतर औपचारिकतांसाठी लागणारी कागदपत्रे पुरवणे हे माल पाठवणाऱ्याचे काम असून, ती अचूक आणि पुरेशी आहेत की नाहीत याची चौकशी करण्याचे बंधन वाहतूकदारावर नाही. कागद हरवले किंवा त्यांचा चुकीचा वापर झाला, तर मात्र तो जबाबदार ठरतो. सीमेवरचा अधिकारी खोकी उघडून तुमचा हेतू जाणून घेत बसत नाही. तो बीजक, पॅकिंग लिस्ट, बिल्टी (म्हणजे मालाच्या वाहतुकीचे पत्र) आणि सीमाशुल्काचे घोषणापत्र या चार कागदांवरील नग, एकूण वजन, मालाचे वर्णन आणि सीमाशुल्कासाठीचा वर्गीकरण क्रमांक एकमेकांशी ताडून पाहतो. या वर्गीकरणाचे पहिले सहा अंक बहुतेक सर्व देशांत सारखे असतात, पुढचे अंक प्रत्येक देश आपापले ठरवतो. त्यामुळे निर्यातीच्या कागदावरचा पूर्ण क्रमांक आयातीच्या कागदावर जसाच्या तसा उतरवणे हीदेखील नेहमीची चूक आहे.

शिक्क्याचे म्हणाल, तर तो ‘कसला तरी’ नाही. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आयएसपीएम १५ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. रूढ उष्णता-प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राहावे लागते आणि तशी प्रक्रिया झाल्यावर पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह, देशाचा दोन अक्षरी संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेचा संकेत डागलेला असतो. प्लायवूडला आणि ६ मिलिमीटरपर्यंतच्या पातळ लाकडाला यातून सूट आहे. गोदामात पडलेले जुने पॅलेट उचलून त्यावर नवाकोरा माल रचणारे कारखाने मी पुष्कळ पाहिले आहेत. माल निर्दोष, कागद निर्दोष आणि गाडी मात्र खालच्या फळ्यांसाठी उभी. तुमचा वाहतूकदार मागतो ते शुल्क करारातील दराप्रमाणे असेल, तर ते देऊन टाकावे.

प्रश्न: आमच्या मालाला मधला एक देश ओलांडून तिसऱ्या देशात जायचे आहे. मधल्या देशातही सीमाशुल्क भरावे लागेल का?

उत्तर: नाही, परंतु माल वाटेत उतरवून विकला जाणार नाही याची हमी त्या देशाला द्यावी लागते. त्यासाठी १९७५ च्या टीआयआर कराराखालील व्यवस्था आहे. मान्यताप्राप्त गाडी निघण्याच्या ठिकाणी सीमाशुल्क अधिकारी सील करतात, गाडीबरोबर टीआयआर कार्ने हे पत्र असते आणि मधले देश सर्वसाधारणपणे सील तपासून गाडी पुढे जाऊ देतात. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत टीआयआर लिहिलेल्या गाड्या त्या याच. सर्व संबंधित देश या करारात आहेत ना आणि तुमचा वाहतूकदार त्यासाठी अधिकृत आहे ना, या दोन गोष्टी आधी विचाराव्यात. एखाद्या देशाच्या सीमेवर माल दुसऱ्या गाडीत भरावा लागणार असेल, तर तेही आधीच कळायला हवे, कारण मालाची सर्वाधिक आदळआपट तिथेच होते.

प्रश्न: परदेशातून मागवलेले ६० किलो वजनाचे मोजमापाचे यंत्र आमच्याकडे पोहोचले. चालक घाईत होता, खोके बाहेरून ठीक दिसत होते, म्हणून आम्ही सही केली. चार दिवसांनी उघडले, तर आतील काच तडकलेली आणि बैठक वाकलेली. वाहतूकदार म्हणतो की सही ‘स्वच्छ’, म्हणजे कोणत्याही शेऱ्याविना, आहे आणि भरपाई द्यायचीच झाली तरी ती वजनावर मिळेल, किमतीवर नाही. हे कायद्याला धरून आहे का?

उत्तर: दुसरे विधान धरून आहे, पहिले अर्धेच. माल स्वीकारण्याचे आणि पोहोचवण्याचे ठिकाण वेगवेगळ्या देशांत असून त्यांपैकी किमान एक देश सीएमआर करारात सामील असेल, तर तो करार तुमच्या खेपेला लागू होतो. दोन्ही देश बाहेर असतील, तर संबंधित देशाचा कायदा आणि तुमच्या करारातील अटी पाहाव्या लागतील. पुढचे उत्तर करार लागू आहे असे धरून दिले आहे.

बाहेरून दिसणारे नुकसान माल घेतानाच नोंदवावे लागते. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीसाठी माल मिळाल्यापासून सात दिवसांची मुदत असते, त्यात रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या धरत नाहीत, आणि ही नोंद लेखीच द्यावी लागते. तुम्ही चौथ्या दिवशी खोके उघडले, म्हणजे मुदत गेलेली नव्हती. पण तुमच्याच पत्रात असेही आहे की त्या दिवशी फक्त फोन केला आणि ई-मेल अकराव्या दिवशी पाठवला. आता माल चांगल्या स्थितीत मिळाला असे प्रथमदर्शनी मानले जाईल आणि तो वाटेत बिघडला हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येईल. दावा त्यामुळे संपत नाही, अवघड होतो. खोके फेकले नसेल तर ते जपून ठेवा. तळाच्या कोपऱ्यावर दबल्याची खूण असेल, तर वाकलेल्या बैठकीशी ती जुळते का हे स्वतंत्र सर्वेक्षकाकडून लेखी घ्या. यंत्र दुरुस्तीला पाठवण्याची घाई करू नका.

या प्रसंगाचा दुसरा कागद तुमच्याकडे नाही, तो पाठवणाऱ्याकडे आहे. सीएमआर नोटच्या, म्हणजे बिल्टीच्या, तीन मूळ प्रती असतात: एक पाठवणाऱ्याकडे राहते, एक मालाबरोबर जाते आणि एक वाहतूकदार ठेवतो. माल ताब्यात घेताना नगांची संख्या, त्यांवरील खुणा आणि मालाची व वेष्टनाची बाह्य स्थिती तपासणे हे वाहतूकदाराचे काम आहे. त्याने शेरा न मारता सही केली असेल, तर माल आणि वेष्टन बाहेरून चांगल्या स्थितीत होते असे मानले जाते. ती प्रत आजच मागवून घ्या. चालकाने ‘वेष्टन अपुरे’ असा शेरा मारलेला असेल, तर तुमचा वाद वाहतूकदाराशी न राहता यंत्र विकणाऱ्याशी सुरू होईल, कारण सदोष वेष्टन हे वाहतूकदाराला जबाबदारीतून सोडवणारे मान्य कारण आहे.

आता भरपाईच्या मर्यादेविषयी. तिची कमाल मर्यादा एकूण वजनाच्या प्रत्येक किलोमागे ८.३३ एसडीआर इतकी आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून त्याचे मूल्य पाच प्रमुख चलनांवरून ठरते. तुमच्या ६० किलोंना ही मर्यादा ४९९.८ एसडीआर होते, यंत्राची किंमत काहीही असो. सिमेंटच्या पोत्याला आणि मोजमापाच्या यंत्राला एकच काटा लावणारा हा नियम वाचकांना अन्यायाचा वाटतो; मला तो अन्यायाचा वाटत नाही, कारण त्यातून बाहेर पडण्याची वाट करारातच दिलेली आहे. जादा आकार देऊन बिल्टीवर मालाची अधिक किंमत घोषित करता येते, आणि त्याहून सोपे म्हणजे मालाचा स्वतंत्र वाहतूक विमा उतरवता येतो. वाहतूकदाराचा विमा त्याची स्वतःची जबाबदारी भागवण्यासाठी असतो, तुमच्या यंत्राची किंमत भरून देण्यासाठी नाही. वाहतूकदाराने हेतुपुरस्सर किंवा कायद्याने त्याच्या बरोबरीचे मानले जाणारे गैरवर्तन केले असेल, तर मर्यादेचा आधार त्याला घेता येत नाही. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही.

दाव्याची मुदत साधारणपणे एक वर्षाची आहे. लेखी दावा दिल्यावर तो लेखी फेटाळून जोडलेली कागदपत्रे परत येईपर्यंत ती मुदत थांबते, म्हणून फोनवरच्या आश्वासनांत महिने घालवू नका. पुढच्या वेळी चालक कितीही घाईत असला तरी सहीपूर्वी खोक्याच्या सहाही बाजू पाहा. ‘तपासणीच्या अधीन राहून स्वीकारले’ हा लोकप्रिय शेरा जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण त्यातून नुकसान काय ते समजत नाही. ‘खोके क्रमांक ३, खालचा उजवा कोपरा दबलेला, पट्टी तुटलेली’ असे लिहा, चालकाची सही त्याखाली घ्या आणि छायाचित्र गाडीच्या क्रमांकासह काढा.

प्रश्न: अंतर पाहता गाडी दोन दिवसांत पोहोचायला हवी. वाहतूकदार चार दिवस सांगतो. तो आळशी आहे की सावध?

उत्तर: सावध. उदाहरणार्थ, युरोपीय संघाच्या नियमांनुसार चालकाने साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते आणि दिवसाला सर्वसाधारणपणे नऊ तासांपेक्षा अधिक वेळ गाडी चालवता येत नाही. आठवड्यातून दोनदा दहा तासांची मुभा आहे. सीमेवरची रांग वेगळीच. पोहोचण्याची तारीख तुमच्यासाठी महत्त्वाची असेल, तर ती बिल्टीवर लिहून घ्या. सीएमआर करार लागू असेल, तर उशिराची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून २१ दिवसांत करावी लागते आणि उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई साधारणपणे भाड्याच्या रकमेपलीकडे जात नाही.

प्रश्न: आमच्या परदेशी ग्राहकाने करारात ‘एफओबी’ लिहिले आहे. माल ट्रकने जाणार आहे. काही अडचण येईल का?

उत्तर: येईल. ‘एफओबी’ ही अट जहाजासाठी आहे. जोखीम माल जहाजावर चढल्यावर खरेदीदाराकडे जाते, आणि तुमच्या व्यवहारात जहाजच नाही. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय विक्रीच्या प्रमाण अटींच्या संचातील ११ अटींपैकी सात कोणत्याही वाहतुकीला चालतात; तुमच्या वर्णनाला ‘एफसीए’, म्हणजे ठरलेल्या ठिकाणी माल खरेदीदाराच्या वाहतूकदाराकडे सोपवण्याची अट, जवळची आहे. त्या तीन अक्षरांपुढे माल सोपवण्याचे नेमके ठिकाण लिहा, नुसते शहर नको. तुमच्या आवारात माल सोपवायचा असेल, तर ग्राहकाने पाठवलेल्या गाडीत तो चढवून देणे तुमच्याकडे येते. इतरत्र सोपवायचा असेल, तर तुमच्या गाडीतून उतरवण्याचे काम तुमचे नसते.

प्रश्न: प्रदर्शनासाठी यंत्र परदेशी नेऊन परत आणायचे आहे. आयातशुल्क भरून नंतर परतावा मागावा का?

उत्तर: दोन्ही देश एटीए कार्ने स्वीकारत असतील, तर गरज नाही. हे पत्र जास्तीत जास्त एक वर्ष चालते आणि प्रदर्शनाचा माल, व्यावसायिक नमुने व व्यवसायाची उपकरणे त्यावर शुल्क न भरता तात्पुरती नेता येतात. यादीत यंत्राचा अनुक्रमांक लिहा आणि परतताना प्रत्येक सीमेवर नोंद व शिक्का घ्यायला विसरू नका. परतीचा शिक्का नसेल, तर यंत्र तुमच्या कारखान्यात समोर उभे असले तरी तो देश शुल्काची मागणी करू शकतो.