सॉफ्टवेअरचं मॅन्युअल वर्डमधून काढून डॉकबुकमध्ये न्यावं का?

तुम्ही विचारलंय की धुळ्यातली तुमची पाच जणांची टीम एकच हिशोबाचं सॉफ्टवेअर ग्राहकागणिक थोडं बदलून देते, मॅन्युअलच्या आता आठ वर्ड फाइली झाल्यात, तर डॉकबुक (मॅन्युअलच्या मजकुराला एक्सएमएलच्या, म्हणजे कंसातल्या खुणा लावून लिहायची पद्धत) शिकायची मेहनत घ्यावी का. घ्या. मी जळगावला हेच काम करतो आणि आम्ही उशीर केला याचं मला आजही वाईट वाटतं.

आमचं सॉफ्टवेअर जिनिंगवाले आणि केळीचे व्यापारी दोघंही वापरतात. वजन, हमाली, तोलाई दोघांकडे आहे; गाठींची नोंद फक्त जिनिंगमध्ये. कटतीचा हिशोब बदलला तेव्हा मी सहा फाइली दुरुस्त केल्या, सातवी राहून गेली. रावेरच्या एका व्यापाऱ्याकडे नव्या मुनीमाने तेच जुनं पान समोर ठेवून तीन दिवस पट्ट्या काढल्या. शेतकऱ्यांच्या पैशाचा प्रश्न होता. सगळ्या पट्ट्या पुन्हा काढायला मी स्वतः तिथे जाऊन बसलो.

आता डॉकबुकमध्ये मजकूर एकाच जागी असतो. ज्या परिच्छेदाच्या खुणेत ‘कंडिशन’पुढे (हा भाग कुणासाठी ते सांगायची जागा) ‘जिनिंग’ लिहिलंय तो केळीवाल्यांच्या प्रतीत येतच नाही. दोघांसाठी असेल तर ‘जिनिंग;केळी’, मध्ये अर्धविराम. काहीच लिहिलं नाही तर तो सगळ्यांना जातो. शब्दांचंही तसंच. कुणी ‘पट्टी’ म्हणतं, कुणी ‘बिल’. आम्ही मजकुरात नुसतं &पावती; लिहितो, आणि तिथे कोणता शब्द बसवायचा ते त्या ग्राहकाच्या चार ओळींच्या फाइलीत असतं. हो, ही नावं देवनागरीत चालतात.

लोगो, फॉन्ट, पानाचा आकार बदलायला मूळ स्टाइलशीटला (पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या, डॉकबुकसोबत मिळणाऱ्या फाइलीला) हात लावू नका. आपली छोटी फाइल करा, तिच्यात मूळ इम्पोर्ट करा आणि हवे तेवढेच नियम लिहा.

दोन ठिकाणी आम्ही अडलो. एखादा भाग एका प्रतीतून गळला, की त्याच्याकडे नेणारा दुवा तुटतो. म्हणून प्रत्येक ग्राहकाची प्रत वेगळी बनवून तपासा. दुसरं पीडीएफचं. पीडीएफ बनवणारं अपाची एफओपी हे सॉफ्टवेअर जुनं असेल तर जोडाक्षरं मोडतात. 2012 च्या 1.1 आवृत्तीपासून देवनागरी नीट जुळते, फक्त फॉन्ट चांगला द्या.

डॉकबुक 1991 पासून आहे आणि तांत्रिक मॅन्युअलसाठीच घडलंय, त्यामुळे ते टिकेल याची मला काळजी नाही. टीममधल्या कुणाला एक्सएमएलच्या खुणा जड वाटल्या तर त्यांना अ‍ॅस्कीडॉकमध्ये (साध्या मजकुरात लिहायची सोपी पद्धत) लिहू द्या, त्यातून डॉकबुक निघतं.

पण आठही फाइली एकदम फिरवू नका. एकच प्रकरण घ्या, बहुतेक बिलाचं. आठही प्रती छापून शेजारी शेजारी मांडा आणि जिथे फरक आहे तिथे रेघ मारा. आमच्या दोन दुपारी त्यात गेल्या, आणि निम्मे फरक आमच्याच विसरण्यामुळे पडलेले निघाले. ते आधी काढा, मग खुणा लावायला बसा.