भाड्याचं ऑफिस : वाचकांचे प्रश्न

जुळे सोलापुरात कर सल्लागाराच्या ऑफिससाठी एक गाळा पाहिला. ८०० चौरस फूट, दर ३० रुपये, म्हणजे महिना २४,००० सांगताहेत. पण टेबलं मांडून पाहिली तर बसत नाहीत. जागा खरंच तेवढी आहे का?

बहुतेक नसावी. सांगतात तो आकडा बऱ्याचदा सुपर बिल्टअप असतो. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज, सामायिक संडास यांचा वाटा धरलेला असतो. टेप घेऊन जा आणि भिंतीच्या आतल्या बाजूपासून समोरच्या भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा. टेप गिलाव्याला टेकवायचा, स्कर्टिंगला नाही. समजा लांबी २८ आणि रुंदी २० फूट भरली, तर कारपेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ५६० चौरस फूट झाली. मग २४,००० रुपयांत तुम्हाला खरा दर जवळपास ४३ रुपये पडतो. तुलना करायची ती याच दराने. होटगी रोडचा गाळा ३५ रुपये कारपेटने मिळत असेल, तर तो स्वस्तच आहे.

खोलीच्या मधोमध खांब असेल तर तोही बघा. एक फुटाचा खांब कागदावर एक चौरस फूट खातो, प्रत्यक्षात एका टेबलाची जागा घालवतो. आणि मेंटेनन्स कोणत्या क्षेत्रफळावर लावणार, हे आत्ताच विचारा. तो सहसा मोठ्या आकड्यावर लागतो.

मालक म्हणतात, ११ महिन्यांचा करार ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करू, नोंदणी नको. चालेल?

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकांना हे सांगून बघा, बहुतेक जण तिथेच तयार होतात.

खर्च फार नाही. भाडं २४,०००, डिपॉझिट दीड लाख, मुदत ३ वर्षं धरू. एकूण भाडं ८,६४,०००. मुद्रांकाच्या हिशोबात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, तीन वर्षांचे ४५,०००. बेरीज ९,०९,०००. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक, म्हणजे २,२७२ रुपये ५० पैसे, २,३०० धरा. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठा जुळवून ऑनलाइन होतं.

भांडणं मुदतीवरून कमी आणि डिपॉझिटवरून जास्त होतात. जागा सोडल्यापासून किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, तुम्ही लावलेलं फॉल्स सीलिंग कोणाचं, हे करारात लिहून घ्या. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडायचा नाही ही अट, दोघांनाही लागू असावा. तुम्हाला वर्षभर बांधायचं आणि मालकाने महिन्याची नोटीस देऊन उठवायचं, असा मसुदा आला तर सही करू नका.

नवी पेठेत वरच्या मजल्यावर ऑफिस घेतोय. दीड टनाचे दोन एसी लावले तर वीज पुरेल का?

महावितरणच्या बिलावर मंजूर भार बघा, शेजारी थकबाकीचा रकानाही. दोन एसींचे सुमारे ३.२ किलोवॅट, चार-पाच संगणक आणि दिवे मिळून आणखी एक. भार २ किलोवॅट असेल तर वाढवून घ्या. अर्ज मीटर ज्याच्या नावावर आहे त्याने करायचा, म्हणून टोकन देण्याआधीच कबूल करून घ्या. प्रत्येक एसीला वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) हवा. जुन्या वायरिंगला एसी जोडला की लेझर प्रिंटर तापताना एमसीबी पडतो, आणि दोष प्रिंटरला दिला जातो. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालच्या मजल्यावर दीड टन कमीच पडतो. जागा दुपारी तीनला बघा, सकाळी नाही.

युनिफॉर्मच्या व्यवसायाला ऑफिस घेतोय. माझी जीएसटी नोंदणी आहे, मालकाची नाही. भाडं ३०,०००. कर कोणी भरायचा?

तुम्ही. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यापारी जागेवर १८ टक्के कर भाडेकरूच रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी स्वतः थेट सरकारला, भरतो: ५,४०० रुपये, जीएसटी पोर्टलवरच्या रोखीच्या खात्यातून. नेहमीच्या योजनेत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ही रक्कम तुमच्या विक्रीवरच्या करातून वजा करता येते. कॉम्पोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर कमी दराने ठोक कर भरणाऱ्यांना, हा नियम नाही.

आम्ही आठ माणसं. पाण्याची टाकी किती हवी?

ऑफिसला माणशी दिवसाला ४५ लिटर धरतात, म्हणजे रोज ३६०. आपल्याकडे सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांचं अंतर धरलं तर १,४४० लिटर. इमारतीची टाकी सामायिक असेल तर ती किती गाळ्यांत वाटली जाते ते रखवालदाराला विचारा.