वाचकांचे प्रश्न : मूळव्याधीत आधी तपासणी, मग लेझर

प्रश्न : माझे वय ४२ आहे आणि मी हिंजवडीत संगणक क्षेत्रात नोकरी करतो. दिवसाचे दहा तास बसून काम असते आणि जाण्यायेण्यात आणखी दोन तास जातात. गेले तीन महिने शौचाच्या वेळी लाल रक्त पडते, पण दुखत काहीच नाही. कधीकधी मोड बाहेर येतो आणि थोड्या वेळाने आपोआप आत जातो. एका दवाखान्यात लगेच लेझर करून घ्या असे सांगितले आणि खर्चाच्या पॅकेजचा कागद हातात दिला. खरोखर एवढी घाई आहे का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : आपल्या पत्रात मी एक वाक्य शोधत होते आणि ते मला सापडले नाही. त्या दवाखान्यात आपली तपासणी कोणी केली का? बोटाने तपासणे आणि प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून आत पाहणे, याला दोन-तीन मिनिटे लागतात आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून असतात. ती झाली नसेल, तर हातातल्या कागदाला काही अर्थ नाही.

मूळव्याध हा बाहेरून आलेला किंवा नव्याने उगवलेला कोंब आहे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात गुदमार्गाच्या वरच्या भागात रक्तवाहिन्या आणि मऊ ऊतींच्या तीन गाद्या आपल्या सर्वांनाच असतात, आणि नळातला वॉशर जसे पाणी थोपवतो तसे त्या वायू आणि पातळ मल थोपवायला मदत करतात. रुग्ण उताणा झोपलेला असताना घड्याळाच्या तबकडीवर पाहावे तशा त्या साधारणपणे ३, ७ आणि ११ या आकड्यांच्या जागी असतात. वर्षानुवर्षे कुंथून, बद्धकोष्ठतेने, गरोदरपणात किंवा वयोमानाने त्यांना धरून ठेवणारे तंतू सैल झाले की त्या फुगतात आणि खाली घसरतात. आतल्या भागात वेदना जाणवणाऱ्या नसा नसल्यामुळे रक्त पडते पण दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो.

आतल्या मूळव्याधीच्या चार पायऱ्या मानल्या जातात. पहिलीत केवळ रक्त जाते. दुसरीत मोड बाहेर येऊन आपोआप आत जातो, तिसरीत तो बोटाने आत ढकलावा लागतो आणि चौथीत तो आत जातच नाही. आपण लिहिले आहे त्यावरून आपली अवस्था दुसरी वाटते. या अवस्थेत सुरुवात जेवणापासून आणि शौचाच्या सवयीपासून करायची असते. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ पोटात जावेत, म्हणजे ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, सालासकट फळे, आणि गरज पडल्यास रात्री इसबगोल. मात्र इसबगोलाबरोबर भरपूर पाणी घेतले नाही तर ते उलट कोठा धरते. मोबाईल घेऊन संडासात बसण्याची सवय मोडावी, कारण कमोडवर पंधरा-वीस मिनिटे बसले की त्या गाद्यांना खालून आधार राहत नाही आणि त्या रक्ताने भरत जातात. पाच मिनिटांत झाले नाही, तर उठावे.

सहा-आठ आठवड्यांत एवढ्याने रक्त थांबले नाही, तर आपल्यासाठी पुढचा सरळ उपाय रबर बँडिंगचा आहे. ही पद्धत १९६३ साली बॅरन यांनी रूढ केली आणि आजही दुसऱ्या अवस्थेत ती सर्वाधिक वापरली जाते. त्यासाठी वापरायचे रबराचे कडे माझ्या टेबलावर असते; ते पाहून रुग्ण नेहमी चकित होतात, कारण त्याचे भोक बाजरीच्या दाण्याहून मोठे नसते. नळीतून मोडाचा वरचा भाग हलकेच ओढून घ्यायचा आणि त्याच्या मुळाशी ते कडे सोडायचे, एवढीच ती कृती असते. भूल लागत नाही आणि माणूस चालत घरी जातो. दोन दिवस शौचाला आल्यासारखे जड वाटते. रक्तपुरवठा तुटलेला तो भाग पाच ते दहा दिवसांत गळून पडतो आणि तेव्हा थोडे रक्त दिसू शकते, हे आधी माहीत असले की घाबरायला होत नाही. बँड बसवताक्षणी तीव्र कळ आली तर तो खाली, संवेदनशील भागावर बसला आहे असे समजून तिथल्या तिथे सांगावे, म्हणजे तो लगेच काढता येतो. ताप, वाढत जाणारी वेदना आणि लघवी अडकणे ही लक्षणे दिसली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. असे क्वचित घडते, पण त्यात उशीर चालत नाही.

बँडिंगचा कमकुवतपणाही सांगायला हवा. बऱ्याचदा एका वेळी काम भागत नाही आणि काही आठवड्यांनी पुन्हा बँड लावावे लागतात. सोनोग्राफीसारख्या डॉप्लर तंत्राने धमनी शोधून ती टाक्याने बांधण्याची पद्धत आणि बँडिंग यांची ब्रिटनमध्ये तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरात त्रास उलटण्याचे प्रमाण डॉप्लर पद्धतीत ३० टक्के, तर बँडिंगमध्ये ४९ टक्के आढळले. मात्र ज्यांना पुन्हा बँड लावावे लागले त्यांचीही गणना या ४९ टक्क्यांत आहे, आणि डॉप्लर पद्धतीला शस्त्रक्रियागृह, भूल आणि जास्त खर्च लागतो.

लेझर वाईट नाही. त्याचा बारीक तंतू मोडात घालून उष्णतेने तो आतून आकसवतात, जखम लहान राहते आणि वेदना कापण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा कमी असते. दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत निवडक रुग्णांना मी स्वतः तो सुचवते. परंतु तो भूल देऊन करावा लागतो आणि त्यानंतरही त्रास उलटू शकतो. इसबगोल आणि दोन बँडांत ज्याचे भागेल त्याला थेट लेझरपासून सुरुवात करून देणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : मी ६३ वर्षांची आहे. वर्षभर अधूनमधून रक्त जाते. उष्णतेमुळे असेल असे समजून गुलकंद आणि सब्जा घेत आले. हल्ली जिना चढताना धाप लागते, वजनही कमी झाले आहे. माझ्या भावाला आतड्याचा कर्करोग झाला होता. पुरुष डॉक्टरांना दाखवायला संकोच वाटतो.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, हे उत्तर वाचल्यावर कृपया याच आठवड्यात तपासणी करून घ्या. मूळव्याध आपल्याला असेलही, पण या वयात रक्त जाणे, वजन उतरणे आणि सख्ख्या भावाचा आजार या तीन गोष्टी एकत्र आल्या की संपूर्ण मोठे आतडे दुर्बिणीने पाहिल्याशिवाय, म्हणजे कोलोनोस्कोपी केल्याशिवाय, कोणीही ‘नुसती मूळव्याध आहे’ असे म्हणू नये. धाप लागते आहे, तेव्हा हिमोग्लोबिनही तपासावे. आपल्याच वयाच्या एक बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक दिसत होत्या. घरात सुना होत्या, मुलगी होती, पण त्यांनी वर्षभर कोणालाही सांगितले नव्हते. पुण्यात या विषयातल्या स्त्री सर्जन आहेत, आणि पुरुष डॉक्टर असले तरी तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा आपली मुलगी शेजारी असावी असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : बाळंतपणाला दोन महिने झाले. शौचाच्या वेळी काचेने कापल्यासारखे दुखते आणि नंतर तासभर आग होते. सासूबाई मूळव्याध म्हणतात.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : इतकी वेदना बहुधा फिशरची, म्हणजे गुदद्वाराच्या कातडीला पडलेल्या चिरेची असते, आपल्याकडे तिलाही सरसकट मूळव्याध म्हटले जाते. शौच मऊ ठेवणे, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटे बसणे आणि स्नायू सैल करणारे मलम यांनी पुष्कळ चिरा भरून येतात. आपण अंगावर पाजत असल्यामुळे मलम मात्र डॉक्टरांना विचारूनच लावावे.

प्रश्न : वडिलांचा मोड आता आत जातच नाही. रस्त्यावरच्या खांबावर ‘एका इंजेक्शनमध्ये मुळासकट’ अशी पाटी पाहिली. कोणी क्षारसूत्र सुचवते. वडील हृदयासाठी रक्त पातळ होण्याची गोळी घेतात.
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : खांबावरच्या पाटीकडे कृपया जाऊ नका. मोड सुकवण्याचे शास्त्रीय इंजेक्शन आहे, परंतु ते सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहे. अनोळखी औषध चुकीच्या जागी टोचल्याने गुदमार्ग सडल्याचे आणि नंतर आकसून बंद होत आल्याचे रुग्ण आम्हां सर्जन लोकांना दुरुस्त करावे लागतात. सुश्रुतांनी मूळव्याधीसाठी औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. क्षारसूत्र म्हणजे क्षाराचा लेप दिलेला दोरा; तो आज मुख्यतः भगंदरासाठी, म्हणजे गुदद्वाराजवळच्या पू वाहणाऱ्या नळीसारख्या मार्गासाठी, वापरला जातो आणि तिथे त्याचा चांगला उपयोग होतो.

चौथ्या अवस्थेत मोड कापून काढणे हाच बहुतेक वेळा टिकाऊ उपाय ठरतो. लंडनच्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली मांडलेली पद्धत अजूनही केली जाते. तिच्यात पहिले आठ-दहा दिवस शौचाला त्रास होतो, हे वडिलांपासून लपवू नका. १९९८ साली इटलीच्या लोंगो यांनी आणलेल्या, मोड वर ओढून यंत्राने पिना मारण्याच्या स्टेपलर पद्धतीत वेदना कमी असते, पण मोड पुन्हा बाहेर येण्याची शक्यता कापण्यापेक्षा जास्त राहते. रक्त पातळ करणारी गोळी घरच्या घरी बंद करू नका, आणि ती चालू आहे हे न सांगता बँडही लावून घेऊ नका; गोळीचे पाकीट सोबत नेऊन सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनाही दाखवा, आणि ती थांबवायची का, कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.