'भाव', 'भावना' आणि 'भाव खाणे' हे सगळं एकाच घरातलं का?

प्रश्न असा होता की 'यद्भावं तद्भवति' (जसा भाव तसं घडतं) मधला भाव म्हणजे नक्की काय धरायचं, इमोशन, विचार की श्रद्धा? आणि बाजारातला भाव हा तोच शब्द आहे की वेगळा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, सोपं आहे म्हणून. तोच शब्द. संस्कृतात भू म्हणजे होणे, असणे, त्यावरून भाव म्हणजे असण्याची अवस्था. मनाची जी अवस्था ती मनातला भाव, आणि मालाची बाजारात जी अवस्था असेल तो मालाचा भाव, म्हणजे दर. हिंदी-गुजरातीतही दर या अर्थाने भाव आहेच. (भाऊ, भावजय, भावकी ही मंडळी मात्र या घरातली नाहीत हां, ती भ्रातृ वरून आलीयत, तोंडावळा सारखा एवढंच.)

खरी गंमत भावना मधे आहे. भवति म्हणजे होतो, त्याचं प्रयोजक रूप भावयति म्हणजे होववतो, घडवतो, आणि त्यावरून भावना. इंग्रजीतलं इमोशन लॅटिनमधल्या 'बाहेर हलवणे' पासून आलं, म्हणजे आत काहीतरी ढवळलं आणि वर आलं असं चित्र. आपल्या भावनेचं मूळ चित्र वेगळंच आहे, ती येत नाही, ती घडवते. मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्रकार) हा शब्द याच अर्थाने वापरतात, बौद्धांच्या पाली ग्रंथांत ध्यानाच्या अभ्यासाला भावना म्हणतात (मेत्ताभावना म्हणजे मैत्रभाव मनात रुजवत राहणं), आणि आयुर्वेदात तर ती चक्क हाताने द्यायची गोष्ट आहे. खलात चूर्ण घ्यायचं, ते पूर्ण भिजेल इतका वनस्पतीचा रस किंवा काढा ओतायचा, सुकेपर्यंत घोटायचं, ही झाली एक भावना. मग पुन्हा रस, पुन्हा घोटणं, बऱ्याचदा सात वेळा. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या भावना देतात, म्हणजे पदार्थ तोच पण प्रत्येक वेळी जास्त तीव्र होत जातो. रात्री अंथरुणात पडून एकच गोष्ट मनात घोटणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको!

आता आपण रोज काय बोलतो ते बघा. 'त्याची अशी भावना झालीय की सगळे त्याला टाळतात.' यात इमोशन कुठाय? हे तर मत आहे, समजूत आहे, पण नुसतं कोरडं मत पण नाही, त्यात दुखणं मिसळलेलं आहे. वाटणे चं पण तसंच, 'मला वाटतं तो येईल' हा विचार आणि 'मला वाईट वाटतं' ही भावना, क्रियापद एकच आणि दोन्हीकडे 'मी' नाही, 'मला'. विचार आणि भावना अशा दोन वेगळ्या बरण्या करायची सवय मराठीला मुळात कमीच, असं माझं मत.

तेच वाक्य पुढे नेऊ. माणूस खोलीत शिरला आणि आत बोलत असलेले दोघं गप्प झाले. कदाचित त्यांचं बोलणं तेवढ्यात संपलं असेल, पण याची भावना झाली की विषय आपलाच होता. दुसऱ्या दिवशी हा मान खाली घालून त्यांच्या समोरून निघून गेला, ते म्हणाले 'काय भाव खातोय बघ', आणि त्यांनी त्याला भाव देणं बंद केलं. झालं, आता सगळे त्याला खरंच टाळतात आणि तो म्हणतो बघा मी म्हणत होतो ना. एका भावनेतून दोन भाव निघाले आणि परिस्थिती बदलली, कोणी खोटं काहीच बोललं नाही तरीही.

समाजशास्त्रात विल्यम थॉमस आणि डोरोथी थॉमस यांनी 1928 मधे हेच मांडलं, की माणसांनी एखादी परिस्थिती खरी मानली तर तिचे परिणाम खरे होतात. रॉबर्ट मर्टन यांनी 1948 मधे त्यावर बँकेचं उदाहरण दिलं, बँक धडधाकट असते पण ती बुडणार अशी भावना पसरते, सगळे एकदम पैसे काढायला धावतात आणि बँक बुडते. बाजारातला भाव तरी दुसरं काय आहे, वाढणार असं पुरेशा लोकांना वाटलं की लोक आजच घ्यायला धावतात आणि वाढतोच. निदान काही काळ तरी.

पण म्हणून 'यद्भावं' चा अर्थ 'जे मनात आणाल ते मिळेल' असा जो रील्समधे सांगतात तो मला पटत नाही. याच अर्थाचं सुभाषित आहे, 'यादृशी भावना यस्य सिद्धिर्भवति तादृशी', आणि त्याची पहिली ओळ कोणी म्हणतच नाही: 'मन्त्रे तीर्थे द्विजे देवे दैवज्ञे भेषजे गुरौ'. मंत्र, तीर्थ, ब्राह्मण, देव, ज्योतिषी, औषध, गुरू. सातच्या सात गोष्टी अशा की जिथे समोरच्यावर विसंबावं लागतं. यात पाऊस नाही, दगड नाही, परीक्षेचा पेपर नाही. औषध यादीत आहे हे तर फारच नेमकं, कारण नुसत्या साखरेच्या गोळीनेही दुखणं, मळमळ कमी झाल्याचं लोक सांगतात, मोडलेलं हाड मात्र तिने जुळत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर, इमोशन नकोच, विचार अपुरा पडतो, श्रद्धा 'जसा भाव तसा देव' मधे चालेल पण माणसामाणसांतल्या व्यवहारात जड वाटते. मी 'धारणा' वापरेन, किंवा सरळ 'मनात धरलेलं'. 'मनात धरणे' ला मराठीत आकसाचा वास आहे हे माहितीये, पण वरच्या गोष्टीतल्या माणसाला तोही चालून जाईल.