घरातून पहिल्यांदाच कुणी युनिव्हर्सिटीत जाणार असेल तर त्याला नेमकी काय मदत करावी?

प्रेरणादायी भाषणं कमी करा आणि त्या पोरांच्या शेजारी बसून फॉर्म भरा, माझं तरी सरळ उत्तर हेच. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही ती मुलं हुशारीत कमी नसतात हो, पण उत्पन्नाचा कुठला कागद लागतो, फी माफीचा अर्ज वेगळा करायचा असतो, शिफारसपत्र सरांकडे बरंच आधी मागून ठेवायचं असतं हे त्यांना सांगणारंच कुणी नसतं आणि मग तारीख निघून जाते. अमेरिकेत यावर प्रयोग झालाय, 2012 साली छापून आला, काही कुटुंबांना आर्थिक मदतीचा फॉर्म तिथल्या तिथे भरून दिला, काहींना नुसती माहिती दिली. फॉर्म भरून दिला त्यांच्या बारावीतल्या मुलांत दोन वर्षं कॉलेज पूर्ण करणारे 28 वरून 36 टक्क्यांवर गेले, नुसत्या माहितीने काहीच फरक पडला नाही!

आणि ॲडमिशन मिळाली की सोडून देऊ नका प्लीज. कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीतच बरीच मुलं गळतात, हॉस्टेलचं डिपॉझिट, एखादा न वाचलेला ईमेल, एवढ्यावरून. त्या दिवसांत अधूनमधून फोन करत रहा आणि आईवडिलांशीपण बोला, त्यांची भीती खरी असते.