सीमा, आंतरपृष्ठ की सांधा?

नाशिकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या एका वाचकांची पृच्छा अशी : 'सिलिकॉनवर स्फटिकी ऑक्साइडचा थर वाढवला की त्यांच्यामध्ये इलेक्ट्रॉन कसे वागतात, यावर मराठीत लेख लिहितो आहे. हे दोन पदार्थ जिथे भिडतात त्या जागेला काय म्हणावे? सीमा, आंतरपृष्ठ, की सरळ इंटरफेस?'

सीमा नको, हे आधी सांगतो. सीमा म्हणजे रेघ. अलीकडे एकाची हद्द, पलीकडे दुसऱ्याची, आणि रेघेवर स्वतःचे असे काही नाही. तुमच्या विषयात नेमके उलटे आहे. मोहम्मद अटाला आणि डावॉन कांग यांनी १९५९ मध्ये बेल प्रयोगशाळेत जो ट्रान्झिस्टर घडवला, त्यातला प्रवाह सिलिकॉनच्या पोटातून वाहत नाही. ऑक्साइडला लागून असलेल्या काही नॅनोमीटरच्या पट्टीतून वाहतो. अशाच सिलिकॉन ट्रान्झिस्टरमधल्या त्या पातळ थरात क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये क्वांटम हॉल परिणाम (तीव्र चुंबकीय क्षेत्रात विजेचा आडवा रोध ठरावीक टप्प्यांनीच बदलणे) सापडला. पुढे २००४ मध्ये ओहतोमो आणि ह्वांग यांनी लँथॅनम अ‍ॅल्युमिनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटॅनेट या दोन स्फटिकी ऑक्साइडांच्या मध्ये मुक्तपणे फिरणारे इलेक्ट्रॉन दाखवले. दोन्ही पदार्थ विजेला वाट न देणारे, आणि मधली जागा मात्र वाहक! हर्बर्ट क्रोमर यांनी २००० सालच्या नोबेल व्याख्यानात म्हटले होते की पुष्कळदा आंतरपृष्ठ हेच उपकरण असते. या वाक्यात 'सीमा' घालून पाहा, अर्थच उरत नाही. शिवाय कणसीमा (एकाच पदार्थातल्या दोन स्फटिककणांमधली हद्द), क्षेत्रसीमा (एकाच स्फटिकातल्या वेगळ्या मांडणीच्या दोन भागांमधली हद्द) यांसाठी तो शब्द राखून ठेवायला हवा. ते वेगळे विषय आहेत.

शास्त्रीय लेखात आंतरपृष्ठ चांगला. फक्त 'आं' सांभाळा. आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय यांत जो 'दोहोंमधला' हा अर्थ आहे, तोच इथे हवा. 'अंतर्पृष्ठ' लिहिलेत तर वाचक आतला पृष्ठभाग समजेल, नाहीतर वर्तमानपत्राचे आतले पान. मुद्रितशोधनात हा अनुस्वार आणि काना दोन्ही निसटताना मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

पण सबंध लेखभर तोच शब्द वापरू नका, एवढी विनंती. पहिल्यांदा आंतरपृष्ठ लिहा आणि पुढे 'सांधा' म्हणा. तुमच्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचे कलम करतात, तिथे खुंट आणि काडी यांचे सालीखालचे जिवंत थर जुळले तरच डोळा फुटतो. स्फटिकावर स्फटिक वाढवतानाही जुळणी हाच कळीचा मुद्दा असतो. सिलिकॉनच्या अणूंच्या जाळीतल्या एका घराची बाजू ५.४३ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), स्ट्रॉन्शियम टायटॅनेटची ३.९०५. सरळ ठेवल्या तर जुळणे अशक्य. ४५ अंशांनी फिरवल्या की सिलिकॉनचे अंतर ३.८४ पडते आणि तफावत दोन टक्क्यांच्या आत येते. त्यातही सिलिकॉन ऑक्सिजन दिसताच स्वतःच गंजू पाहते आणि मध्ये अस्फटिकी थर बसतो. म्हणून आधी स्ट्रॉन्शियमच्या अणूंचा अर्धामुर्धा थर देऊन पृष्ठभाग शांत करतात. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या मॅकी, वॉकर आणि चिशोम यांनी १९९८ मध्ये असा स्फटिकी ऑक्साइड सिलिकॉनवर नीट बसवून दाखवला. ही सगळी धडपड 'सांधणे' या क्रियापदात मावते. सांधा चांगला बसला, सांधा सैल राहिला, सांध्यात खोट राहिली : लेखाला लागणारी वाक्ये मराठीत तयारच आहेत. इंटरफेसला असे क्रियापद नाही.

एक गोष्ट जपावी लागेल. जंक्शनला आपण संधी म्हणतो, आणि संधी व सांधा हे एकाच मुळाचे. पी-एन संधीचा (दोन प्रकारच्या अर्धवाहकांच्या जोडाचा) उल्लेख त्याच लेखात येणार असेल, तर सांधा न म्हणता आंतरपृष्ठच ठेवा, गोंधळ टळेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग : शब्दयोगी अव्यय. सांध्यावर, सांध्यालगत आणि सांध्यातून यांत भौतिकीचाच फरक आहे. सिलिकॉनच्या ज्या अणूंना जोडीदार मिळाला नाही, त्यांचे सुटे बंध इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात. हे अडकलेले इलेक्ट्रॉन सांध्यावर असतात. प्रवाहाचे इलेक्ट्रॉन सांध्यालगत धावतात. आणि गळती होते ती सांध्यातून, म्हणजे पलीकडे. इंग्रजीच्या धाकाने तिन्ही ठिकाणी 'वर' लिहिले जाते आणि वाचकाला काहीच कळत नाही.

गळतीचा मुद्दा लेखात येणारच, म्हणून तिथला एक शब्द सुचवतो. ऊर्जापट्ट्यांमधल्या, म्हणजे दोन पदार्थांत इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यांमधल्या, फरकाला 'पायरी' म्हणा. नेहमीच्या सिलिकॉन डायऑक्साइडशी वाहक पट्ट्याची (ज्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात त्या पट्ट्याची) पायरी सुमारे तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट उंच, म्हणून इलेक्ट्रॉन अलीकडेच थोपतात. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटशी ती जवळजवळ नाहीच. सांधा देखणा बसूनही इलेक्ट्रॉन त्यातून निघून जातात. 'पट्टा-विस्थापन' असा शब्द ठेवलात तर हे चित्र दिसणार नाही.